डाव्या सीटवर पप्पा

माझे पप्पा जालन्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. ऑफिस मस्तगडला, एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. गाडी एकच, पांढरी, पुढे-मागे लाल 'एल' लावलेली, आणि डाव्या बाजूला पप्पांच्या पायाशी जादा क्लच, जादा ब्रेक. अर्धं जालना त्यांच्याकडे गाडी शिकलं आहे आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांचा आवाज ऐकला आहे, गाडीच्या काचा बंद असल्या तरी.

मी ड्रिफ्टिंग करते. म्हणजे मोकळ्या पटांगणात गाडीची मागची चाकं मुद्दाम घसरवायची, गाडी आडवी करायची आणि ती तशी आडवी, धूर काढत, गोल फिरत असताना ताब्यात ठेवायची. लोक बघतात, शिट्ट्या मारतात. पुण्यातल्या एका टीमसाठी मी हे काम करते. पप्पांचं सगळं आयुष्य गाडी घसरू कशी द्यायची नाही हे शिकवण्यात गेलं आहे. तरी आमचं भांडण कधी होत नाही, कारण भांडणात दोघांनी बोलावं लागतं.

माझं न बोलणं जुनं आहे. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि घरी इंग्रजी बोललं की आत्या पोट धरून हसायची. दोन्हींतून सुटायचा एक सोपा रस्ता होता, तो मला पहिलीतच सापडला. पुढे त्याची सवय झाली. लोक म्हणतात, मुलगी फार शांत आहे. शांत वगैरे नाही मी, फक्त बाहेर काही येत नाही.

गाडी आडवी करायला मात्र मी पुण्यात शिकले नाही. आमची आत्या तीर्थपुरीला असते. पावसाळ्यात तिच्या शेताकडे जाणारा रस्ता म्हणजे काळा चिखल. तिथे गाडीचं तोंड एकीकडे आणि गाडी भलतीकडे जाते, आणि तिकडचे लोक त्याला कौशल्य वगैरे समजत नाहीत. दूध घालायला जाणारा जीपवालाही तसाच आडवा जातो, एका हाताने फोनवर बोलत. कॉलेजात असताना सुट्टीत मी त्या रस्त्यावर आत्याकडची जुनी जीप चालवायचे. पुढे पुण्यात कुणीतरी मला ड्रिफ्टिंग दाखवलं तेव्हा मला नवल एवढंच वाटलं की याला तिकीट लावतात.

कॉलेज संपल्यावर पप्पांनी पुण्यात राहायला एक वर्ष दिलं होतं. वर्ष संपत आलं तसा त्यांचा फोन आला. ऑफिसच्या पाटीवर नवीन ओळ रंगवून घेतल्याचं त्यांनी सांगितलं : 'महिलांसाठी लेडीज इन्स्ट्रक्टर उपलब्ध.'

"कोण आहेत?" मी विचारलं.

"कोण म्हंजे? तू," पप्पा म्हणाले.

त्याच आठवड्यात आमच्या टीमला जालन्याच्या एका कार शोचं बोलावणं आलं, शनिवार आणि रविवार. मम्मीने ते पप्पांना सांगितलं असणार, कारण पप्पांचा परत फोन आला. "बराबर हाय. ये. तू काय करून राह्यलीस ते एकदा डोळ्यानं बघतो. मंग ठरवू, पुण्याला जायचं का सोमवारपासून बॅच घ्यायची."

आमच्या घरात 'ठरवू' म्हणजे पप्पा ठरवतात आणि बाकीचे जेवायला बसतात. मैत्रिणी म्हणाल्या, तू चोवीस वर्षांची आहेस, सरळ नाही म्हण. मैत्रिणींनी पप्पा पाहिलेले नाहीत. शिवाय मला नुसतं पुण्याला जायचं नव्हतं. पप्पांनी 'जा' म्हणायला हवं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

शो एमआयडीसीच्या पुढे एका मोठ्या काँक्रीटच्या आवारात होता. आजूबाजूला सगळ्या सळईच्या मिल, त्यामुळे जमिनीवर लोखंडाचे बारीक तुकडे पसरलेले. आमच्या टीमचे सर पुण्याचे. ते जमिनीकडे बघून डोक्याला हात लावून बसले. जालन्याच्या लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी एका टेम्पोच्या मागे भंगारवाल्याकडचं मोठं लोहचुंबक बांधलं आणि तो टेम्पो शेत नांगरल्यासारखा आवारभर उभा-आडवा फिरवला. चुंबकाला दाढी आल्यासारखा लोखंडाचा किस लटकत होता. सरांनी त्याचा फोटो काढला.

कार शो म्हटलं तरी जालन्यात नुसत्या कारवर कुणी येत नाही. त्यामुळे एका बाजूला नव्या गाड्या, एका बाजूला सजवलेल्या जुन्या गाड्या, आणि मधोमध ट्रॅक्टर. सगळ्यात जास्त गर्दी ट्रॅक्टरपाशी. त्याच्या शेजारी बियाण्याचा स्टॉल, त्याच्या शेजारी भेळ. मिलमधून पाळी संपवून निघालेले कामगार मोटारसायकली थांबवून कंपाउंडच्या भिंतीवर बसले होते. आमचं पटांगण त्या भिंतीलगत होतं, कडेने जुन्या टायरांच्या राशी लावून आखलेलं.

शनिवारी पप्पा आले नाहीत. "मला बॅच हाय," म्हणाले. मम्मी आणि आत्या आल्या. आत्या खास तीर्थपुरीहून आली होती आणि येताना पिशवीत लिंबं, नारळ, हळद-कुंकू सगळं घेऊन आली होती. सरांना नमस्कार करून तिने विचारलं, "गाडीची पूजा कुणी केली?"

सर म्हणाले, "आम्ही चेकअप केलाय, मावशी. पूर्ण."

"ते डॉक्टरचं झालं. देवाचं कोण करणार?"

तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. इतर गाड्यांचं कसं, लिंबू चिरडून गाडी हळूच पुढे जाते. आमची गाडी सुरुवातीलाच एका जागी उभी राहून मागची चाकं गरगर फिरवते, टायर तापवायला. मी तेच केलं. मागच्या दोन लिंबांचं काय झालं ते मी गाडीतून बघू शकले नाही, पण निघालेल्या धुराला जळक्या रबरासोबत लोणच्याचा वास होता. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी पदार्थ कुठे मिळतो म्हणून भेळवाल्याकडे चौकशी केली, असं मम्मीने नंतर सांगितलं.

हेल्मेट घातलं की मला बरं वाटतं. हेल्मेटमधल्या माणसाला कुणी 'सध्या काय करतेस' किंवा 'पुढे काय ठरवलंय' विचारत नाही. शनिवारचं माझं सगळं नीट झालं. अडचण फक्त निवेदकाची होती. तो एरवी लग्नात माइकवर बोलायचा आणि त्याची ती लय सुटत नव्हती. "जालन्याची लेऽऽक! बघा बघा बघा, कशी येऊन राह्यली! मंडळी, जोरदार टाळ्या! पांढऱ्या स्कॉर्पिओवाले, तुमची गाडी गेटात लागली हाय, जल्दी काढा! जालन्याची वाघीऽऽण!"

गाडीतून उतरले तेव्हा आत्या चेहरा पाडून उभी होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही न्हाई गं. चालवली छान," ती हळू आवाजात म्हणाली. "पण गाडी खराब दिली तुला त्यांनी. सरळ जाऊनच न्हाई राह्यली. तू बिचारी किती सांभाळत होतीस, मला दिसत होतं." मग सरांकडे वळून, "ओ साहेब, उद्याच्याला तरी लेकराला चांगली गाडी द्या."

सरांनी मान हलवली. दुसरं काय करणार.

घरी आल्यावर आत्याने पप्पांना सगळं सांगितलं, गाडीतल्या दोषासकट. पप्पा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "उद्या येतो. बॅच घेऊनच येतो."

"बॅच कशाला?" मम्मीने विचारलं.

"त्यांना बी दाखवतो, काय काय करायचं न्हाई ते."

त्या वाक्यानंतर मला भाकरी गेली नाही. मम्मीच्या ते लक्षात आलं, पण तिने फक्त चटणी पुढे सरकवली.

रविवारी दुपारी पप्पा आले, मम्मी आणि आत्याला घेऊन. पांढरी गाडी त्यांनी पार्किंगमध्ये अशी लावली की शिकणाऱ्यांनी वहीत उतरवून घ्यावं. तिथे आखलेल्या रेषाच नव्हत्या, तरी ती बरोबर रेषेत दिसत होती. मागून रिक्षाने बॅच आली : एक शिक्षिका, एक बियाणे कंपनीतला साहेब, लग्न ठरलेल्या दोन मुली आणि एक निवृत्त हवालदार. पप्पांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर, पटांगणाकडे पाठ करून उभे राहिले. वर्गात राहतात तसे.

मी खेळ सुरू केला. प्रत्येक फेरीत गाडी त्यांच्यासमोरून जायची तेव्हा मला ते दिसायचे. हात हलत होते, तोंड हलत होतं. ते काय बोलत होते ते मम्मीने नंतर जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"हे बघा, हे बघा. क्लच फटकन सोडला की असं होतं. मॅडम, तुमचं परवा चौकात हेच झाल्तं. आता बघा, वळण आलं तर गाडी हळू करायची का जोरात?"

"हळू, सर," बॅच म्हणाली.

"हिनं काय केलं?"

"जोरात, सर."

"झिरो मार्क."

हवालदार म्हणाले, "पण सर, कुठं धडकून न्हाई राह्यली."

"तेच तर," पप्पा म्हणाले. मम्मीच्या मते, त्यानंतर ते बॅचकडे पाठ करून पटांगणाकडे तोंड करून उभे राहिले. मी तेव्हा टायरांच्या राशीच्या अगदी जवळून, मागचा बंपर घासेल-न घासेल असा, गाडी काढत होते. माझं लक्ष तिकडे नव्हतं.

आमच्या खेळाच्या शेवटी एक पाहुणा शेजारच्या सीटवर बसवून दोन फेऱ्या मारायची पद्धत आहे. रविवारी त्यासाठी प्रमुख पाहुण्यांचं नाव होतं. पाहुण्यांनी पूर्ण खेळ अगदी हसतमुखाने पाहिला. निवेदकाने त्यांचं नाव पुकारताच त्यांना फोन आला. फोन वाजल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ते कानाला फोन लावून बोलत बोलत ट्रॅक्टरांच्या मागे गेले, ते आलेच नाहीत.

निवेदक गोंधळला नाही. लग्नात नवरदेव उशिरा आला तरी त्याला बोलत राहावं लागतं. "मंडळी! पाहुणे बिझी हायेत. पण आपल्यात हजर हायेत वाघिणीचे वडील! ज्यांनी अर्ध्या जालन्याला गाडी शिकवली, ते आमचे सर! सर, या, या, या!"

बॅच उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. भिंतीवरचे मिल कामगारही ओरडायला लागले. त्यांतले दोघं-तिघं पप्पांकडेच शिकलेले. पप्पांच्या शेजारी बसून शिव्या खाल्लेले चेहरे मी ओळखते. त्या सगळ्यांसमोर पप्पा गाडीला घाबरले असं होऊ शकत नव्हतं. ते शर्ट नीट खोचून गाडीकडे आले.

त्यांनी आधी गाडीला एक चक्कर मारली, चारही टायर पायाने दाबून बघितले. मग डाव्या बाजूला बसले. सरांनी त्यांना हेल्मेट आणि खांद्यांवरून येणारा पट्टा बांधला. चष्मा आधी हेल्मेटबाहेर राहिला, मग आत गेला, पण तिरका.

"आरसा कुठं हाय?" पप्पांनी विचारलं.

"काढलाय," मी म्हणाले.

"हॉर्न?"

"नाही."

"इंडिकेटर?"

"नाही, पप्पा."

"मंग वळणार हे कुणाला कसं कळणार?"

गाडी निघाली की ते गावभर कळतं.

आता शेजारी बसणाऱ्याला आम्ही एक सूचना देतो. हात मांडीवर ठेवायचे, काही झालं तरी कशालाही हात लावायचा नाही. ही सूचना चालकानेच द्यायची असते. मी ती आजवर अनोळखी पुरुषांना, एकदा तर एका पोलीस अधिकाऱ्यालाही दिली आहे. पण समोर पप्पा होते, चष्मा तिरका, आणि मला जन्मापासून हात कुठे ठेवायचे ते त्यांनी सांगितलेलं.

"पप्पा, हात..." मी सुरुवात केली.

"माझे हात बराबर हायेत. तू तुझे बघ. स्टिअरिंगवर दहाला दहा मिनिटं."

म्हणजे घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली की काटे जिथे असतात तिथे हात. मी हात तिथे ठेवले. सूचना राहून गेली. आणि गाडी सोडली.

पहिल्या गोलात पप्पांचे पाय मला दिसत होते. उजवा पाय जिथे त्यांच्या गाडीत जादा ब्रेक असतो तिथे दाबत होता, डावा जादा क्लचच्या जागी. आमच्या गाडीत तिथे नुसता पत्रा. ते इतक्या मनापासून दाबत होते की त्या पत्र्याचा आवाज इंजिनच्या वर ऐकू येत होता. आणि तोंड सुरू होतं. "हळू. हळू! क्लच! अगं क्लच! दुसरा टाक! समोर बघ! समोर बघ म्हणलं तर खिडकीतून काय बघती?" मी खिडकीतूनच बघत होते, कारण गाडी आडवी असताना समोर म्हणजे खिडकीतच असतं.

दुसऱ्या गोलात गाडी एका बाजूच्या घसरणीतून दुसऱ्या बाजूला झोकायची असते. त्या क्षणी टायरांची रास डाव्या खिडकीच्या अगदी जवळ येते. मला ते रोजचं होतं. पप्पांना मात्र त्यांच्या बाजूने ती रास अंगावर येताना दिसली. ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसाला इतक्या वर्षांत एक गोष्ट हातात बसलेली असते. शिकणाऱ्याने घोळ घातला, ब्रेक पुरेना, की दोघांच्या मधला हँडब्रेक खचकन ओढायचा. पप्पांनी तो ओढला. पूर्ण ताकदीने, शिकवण्यातल्या सगळ्या वर्षांच्या ताकदीने.

त्यांच्या गाडीचा हँडब्रेक गाडी थांबवतो. आमच्या गाडीचा हँडब्रेक मुळात ठेवलेलाच असतो मागची चाकं जाम करून गाडी आणखी घसरवायला.

गाडी भोवऱ्यासारखी फिरली. धूर, भिंत, कामगार, ट्रॅक्टर, आत्या, परत धूर. मी क्लच दाबला, हात सैल सोडले, स्टिअरिंग आपलं आपण फिरू दिलं आणि रास मागे गेल्याचं दिसताच ब्रेकवर उभी राहिले. गाडी थांबली. इंजिन सुरूच होतं. धूर खाली बसला तेव्हा आमचं तोंड बरोबर पहिल्या रांगेकडे होतं आणि समोर पप्पांची बॅच तोंडाचा आ करून बसलेली होती. शिक्षिकाबाईंच्या मांडीवर भेळ सांडली होती.

मग भिंतीवरून अशी आरोळी उठली की मला वाटलं भिंत पडली. निवेदक माइक सोडून नाचत होता. सर हातात आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन आमच्याकडे धावत येत होते.

गाडीत पप्पांचा हात अजून हँडब्रेकवर होता.

"मीच वढला," ते म्हणाले.

"हो."

"तुला कळलं का, मी वढला ते?"

"हो, पप्पा."

"अन् तू काहीच बोलली न्हाईस."

"काय बोलू?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

त्यांनी हेल्मेटमधून माझ्याकडे बघितलं. चष्म्याची एकच काच डोळ्यावर होती. मग सरांनी दार उघडलं आणि पप्पा उतरले. दोन पावलं टाकली ती वेगवेगळ्या दिशांना. तेवढ्यात निवेदकाने माइक त्यांच्या तोंडासमोर धरला. "सर! सर, कसं वाटलं? जालन्याला सांगा!"

माइक दिसला की पप्पा सावरतात. "जे बघितलं ते रस्त्यावर करायचं न्हाई," ते म्हणाले. "बिलकुल न्हाई. सीट बेल्ट लावायचा. ज्याला बराबर शिकायचंय त्यानं उद्या सकाळी सातच्या बॅचला यायचं." टाळ्या. मग थोडं थांबून, "गाडी चांगली हाय. गाडीत काही खराबी न्हाई." हे बहुतेक आत्यासाठी होतं.

पप्पा बॅचपाशी आल्यावर लग्न ठरलेल्यांपैकी एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही माझ्या टायमाला बी असाच वढल्ता. भाजी मार्केटजवळ."

"तवा तू ओरडल्ती," पप्पा म्हणाले आणि हेल्मेट शोधायला लागले. ते त्यांच्या डोक्यावरच होतं.

सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हात मांडीवर ठेवायची सूचना दिली होती की नाही. मी सांगितलं, अर्धी. सर पप्पांकडे बघत राहिले. पप्पा तेव्हा आयोजकांना पार्किंगच्या रेषा कशा आखायच्या ते समजावत होते. "बरं," सर म्हणाले.

घरी येताना मी पांढऱ्या गाडीत मागे बसले. पप्पा चालवत होते, नेहमीसारखे, प्रत्येक वळणावर इंडिकेटर. मम्मी पुढे. आत्या माझ्या शेजारी, हळूच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, जणू मी आजारातून उठले आहे. सोमवार उजाडायला एक जेवण बाकी होतं.

वांग्याची भाजी आणि भाकरी होती. पप्पा जेवत होते, मध्येच थांबून उजव्या हाताकडे बघत होते. तोच हँडब्रेक ओढलेला हात.

"किती हलका होता गं तो," ते म्हणाले. "आपल्या गाडीचा तर दोन्ही हातांनी वढावा लागतो."

"त्याला तेल असतं, पप्पा. प्रेशरवर चालतो."

"हां." परत जेवण.

शेवटी आत्यालाच राहवेना. "मंग? काय ठरलं म्हणायचं पोरीचं?"

मी ताटातल्या मिठाकडे बघत राहिले. मम्मी स्वयंपाकघरात तव्यापाशी होती. तव्यावरचा तिचा हातही थांबला.

"ठरायचं काय त्यात," पप्पा म्हणाले. "ही शिकवायच्या कामाची न्हाई."

मला ऐकू आलं ते नीट आत उतरायला वेळ लागला. दोन दिवस ज्याची भीती होती ते टळलं होतं. उठून नाचावं असं काहीतरी वाटायला हवं होतं. त्याऐवजी माझे कान तापले.

"का?" मी म्हणाले.

पप्पांनी मान वर केली. आत्यानेही केली. मी पप्पांना 'का' असं याआधी कधी विचारलं होतं, मला आठवत नाही.

"का म्हंजे? मी हँडब्रेक वढला. तुझ्या गाडीत, तू चालवत असताना. दुसरं कुणी असतं तर माझ्या बापाचा उद्धार केला असता. तू गाडी सांभाळली. बराबर सांभाळली, माझ्याच्यानं झालं नसतं ते. पण ओरडली न्हाईस. शिकवणाऱ्याला गाडी आली न्हाई तरी चालतं, ओरडता आलं पाहिजे. समोरच्याच्या पायात ब्रेक असतो अन् आपल्या तोंडात."

"मला ओरडता येतं," मी म्हणाले.

"ओरड मंग."

"आत्ता?"

"आत्ता. समज, शिकाऊ माणूस बाजूला बसलाय. गाडी जोरात हाय. समोर म्हैस आली. ओरड."

आत्याने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला, जागा करून दिल्यासारखा. मी ताठ बसले. श्वास घेतला. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक म्हैस आहे अशी कल्पना केली. काळी, मोठी, रस्त्याच्या मधोमध.

"म्हैस," मी म्हणाले.

आतून मम्मीचा आवाज आला. "भाजी देऊ का गं?"

पप्पांनी हात जोडले, तसेच भाकरीसकट. "म्हैस मेली. शिकणारा मेला. मी बी मेलो. जा बाई, तू पुण्याला जा. सकाळच्या गाडीनं जा."

आत्या हसून हसून भिंतीला टेकली. पप्पा हात धुवायला उठले. हवं होतं ते मिळालं होतं, 'जा' हा शब्दसुद्धा त्यांच्याच तोंडून, आणि मी मात्र ताटापुढे बसून ती म्हैस अजून तिथेच आहे का ते बघत होते.

"थांबा ना, पप्पा," मी म्हणाले. "परत एकदा."